तू बस आधी

माझे भावोजी गेले, तेव्हा भेटायला आलेल्यांपैकी निम्मी माणसं कधी ना कधी लिफ्टमध्ये अडकलेली होती. खोटं नाही सांगत. एकेक जण आत यायचा, माझ्या ताईसमोर बसायचा आणि सांगायचा की मी चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे होतो. कुणी वीस मिनिटं, कुणी पाऊण तास. एक बाई म्हणाल्या, दाराच्या पलीकडून तुमचे यजमान मला घाबरू नका म्हणत होते आणि हाताने काम करता करता एका धबधब्याचा रस्ता समजावून सांगत होते. पूल ओलांडल्यावर कुठे वळायचं हे सांगायच्या आतच लिफ्ट सुरू झाली. बाई बाहेर आल्या त्या घरी गेल्याच नाहीत, आधी पुढचा रस्ता विचारून घेतला. हे ऐकून मला असं काही हसू फुटलं की मी तोंडाला रुमाल लावला आणि लोकांना वाटलं मी हुंदके देतेय. ताईने मात्र बरोबर ओळखलं आणि मला कोपर मारलं.

तर असे आमचे भावोजी. ताईचे यजमान. गल्लीत त्यांना सगळे फौजी म्हणायचे, कारण पंधरा वर्षं ते सैन्यात होते. बंदूक फारशी चालवली नाही. वायरलेसचे संच दुरुस्त करायचे, आणि ते पाठीवर बांधून डोंगरामागून डोंगर चढायचे. मी त्यांना विचारायचे की लढाईचं काहीतरी सांगा, तर हे सांगायचे की अमुक शिखरावर पहाटे ढग खाली असतात आणि आपण वर. बरं, एवढं सुंदर बघितलंत तर मग तोंड पाडून का सांगता? तर म्हणायचे, दाखवायला कुणी नव्हतं. एकट्याने बघितलेलं ते बघितल्यात धरायचेच नाहीत. लग्न झाल्यावर आणि सैन्यातून सुटल्यावर त्यांनी ती सगळी यादी पहिल्यापासून पुन्हा बघायला घेतली, ताईला शेजारी बसवून.

पोटापाण्याला लिफ्टच्या कंपनीत तंत्रज्ञ म्हणून लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. त्यांची एक पद्धत होती. दुरुस्ती झाली की लिफ्टच्या डब्याच्या वरच्या पत्र्याच्या पेटीत आतून एक चिठ्ठी डकवायची. पेन्सिलने चार ओळी: दोष, उपाय, तारीख, पुढची तपासणी. कंपनीने सांगितलेलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, माझ्यानंतर जो कुणी ही पेटी उघडेल त्याला अंधारात चाचपडावं लागू नये. आणि दुसरं म्हणणं असं की माणसाच्या लक्षात राहण्यावर भरवसा ठेवू नये, तारेवर ठेवावा. लिफ्टचं दार नीट लागल्याशिवाय लिफ्ट हलतच नाही, कारण दार लावलंय की नाही हे माणूस विसरतो, तार विसरत नाही. हे ते जेवताना, चालताना, माझ्या मुलीच्या वाढदिवसालासुद्धा सांगायचे. मी जांभई द्यायचे. आता वाटतं, नीट ऐकलं असतं तर पुढचा सगळा तमाशा वाचला असता.

मी कोण, तर मी पोस्टात खिडकीवर तीस वर्षं काढली. रांग मोडणाऱ्याला सरळ करायचं माझं काम, आणि ते मी घरीही करते. भावोजी मला पोस्टमास्तर म्हणायचे. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आणि स्वभावाने माझ्या अगदी उलट. ती चष्म्याच्या दुकानात होती. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची. तिची स्वतःची नजर अशी की अर्ध्या किलोमीटरवरची पाटी वाचून दाखवेल. भावोजींना पाटी तर सोडाच, पाटीचा खांबही दिसायचा नाही. म्हणून ताई शेजारच्या सीटवर बसून वाचत राहायची आणि भावोजी चालवत राहायचे. अशी ती दोघं मिळून एक धड ड्रायव्हर व्हायची.

गाडी म्हणजे एक जुनीपुराणी व्हॅन. काळी, रुंद, चढावर हुंकार देणारी. तिला आम्ही म्हैस म्हणायचो. दर शनिवारी दुपारी काम संपलं की म्हैस निघालीच. मागच्या दाराला आतून एक यादी चिकटवलेली: तंबू, खुंट्या, स्टोव्ह, कंदील, पाण्याचे कॅन अशा सतरा वस्तू. निघताना आणि प्रत्येक थांब्यावर भावोजी ती मोठ्याने वाचायचे आणि ताई असेल तिथून "आहे, आहे" म्हणायची. एकदा मीही गेले होते त्यांच्याबरोबर. अरे देवा! पहाटे वाऱ्याने तंबूच उचलला. भावोजी अर्ध्या चड्डीत त्याच्यामागे धावताहेत, ताईच्या हातात एक दोरी, ती हसून हसून जमिनीवर बसलेली, पण दोरी काही सोडत नाही, आणि एक बकरी शांतपणे यादीतला सात नंबर, म्हणजे साबण, खातेय. मी व्हॅनमध्ये दार लावून बसले आणि पुन्हा येणार नाही म्हणून कानाला खडा लावला. पुढच्याच महिन्यात परत गेले.

आता पेट्रोलपंपाची गोष्ट. बावीस वर्षांपूर्वीची. सकाळीच दोघांचं थर्मासवरून वाजलं होतं. वाटेत पंपावर थांबले. ताई हात धुवायला आत गेली. इकडे भावोजींनी यादी वाचली, उत्तर येईना म्हणून स्वतःच एकेक वस्तू मोजली. सतराच्या सतरा हजर. समाधानाने गाडी सुरू केली आणि निघाले. वाटेत बोलायला लागले. कुठल्याशा इस्पितळाच्या लिफ्टमधला बिघाड त्यांनी बारा किलोमीटर समजावून सांगितला. शेजारून हूं नाही की चूं नाही. त्यांना वाटलं, थर्मासवरून अजून धुसफूस चालू आहे. मग माणूस नरमला. म्हणाला, बरं बाई, थर्मासचं झाकण मीच सैल ठेवलं होतं, चूक माझी. तरीही उत्तर नाही. तेव्हा वळून बघितलं. सीट रिकामी. एकोणीस किलोमीटर झाले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा दिलेली कबुली ऐकायला कुणी नव्हतं.

तिकडे ताई पंपावर उलट्या क्रेटवर बसलेली. पंपावरचा माणूस बिचारा घाबरला, पोलिसांना फोन करू का म्हणाला. ताईने त्याला सांगितलं की नको, येतील ते, यादीत माझं नाव नाहीये एवढंच. पण हे त्याला सांगायचं म्हणून. आतून तिला लागलं होतं. घरी आल्यावर दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. मला कळल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोन उचलला आणि भावोजींना पोस्टाच्या भाषेत जे काही ऐकवायचं ते ऐकवलं. एरवी माझ्या एका वाक्याला दोन वाक्यं परत करणारा माणूस त्या दिवशी सगळं ऐकून घेत राहिला. शेवटी म्हणाले, "पोस्टमास्तर, पुन्हा होणार नाही. तशी व्यवस्था करतो."

रविवारी ते दिवसभर म्हशीच्या पोटात शिरून बसले होते. आम्हाला वाटलं तेलबिल बदलत असतील, किंवा ताईच्या नजरेसमोर येण्याची लाज वाटत असेल. त्यानंतर मात्र त्यांनी एक नवीन खूळ काढलं. ताई सीटवर बसल्याशिवाय गाडी सुरूच करायची नाही. भर उन्हात म्हैस तापलेली असायची. ताई म्हणायची, अहो, जरा सुरू करून गार तरी करा, मग बसते. तर हे दार धरून उभे. एकच वाक्य, "तू बस आधी." ताई कुरकुरायची, मी टोमणे मारायचे, पण ते काही ऐकायचे नाहीत. कधी प्रेमाने, कधी वैतागून, पण वाक्य तेच. एकदा तर कहर झाला. टायर बदलायला ते एकटेच निघाले होते आणि ताईच्या सीटवर पाण्याचे दोन भरलेले कॅन, वरून पट्टा बांधलेला. मी हसत सुटले. विचारलं, काय हो भावोजी, ताई नसली की कॅन फिरवता? ते लाजले. चक्क लाजले. म्हणाले, गाडीचा तोल राहतो. मी महिनाभर त्यावरून त्यांचं डोकं खाल्लं, ताईला मात्र सांगायचं राहूनच गेलं.

गेल्या वर्षी एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच ते गेले. आदल्या शनिवारी दोघं तळ्याकाठी राहून आली होती. ताईची अंथरायची सतरंजी तशीच तिच्या सीटवर घडी करून ठेवलेली.

त्यानंतर ताई खाली उतरली नाही. म्हणजे किराणा, डॉक्टर, एवढंच. माझ्याकडे ये म्हटलं तर येत नव्हती. शनिवार आला की खिडकीचा पडदा ओढून घ्यायची, कारण खिडकीतून म्हैस दिसायची. आठ महिने असे गेले. मग इमारतीच्या कमिटीने नोटीस लावली की बंद पडलेली वाहनं महिनाअखेर हलवावीत. माझा भाचा, ताईचा मुलगा, दूरच्या शहरात असतो. त्याने फोनवरूनच एक भंगारवाला ठरवला, शनिवारी सकाळी येऊन ओढून नेईल म्हणाला. मुलगा वाईट नाही हो. त्याला वाटलं, आईच्या डोळ्यांसमोरून ते धूड जाईल तर बरं. आणि ताई म्हणाली, नेऊ देत.

भाजी नको म्हणावं तसं म्हणाली. मला त्या क्षणी कळलं, ही म्हैस गेली की माझी बहीण त्या दोन खोल्यांतून पुन्हा बाहेर पडणार नाही. सेक्रेटरीला मी जिन्यातच गाठलं. म्हटलं, बंद गाडी हलवायची आहे ना? मग चालू झाली तर? त्याने बराच वेळ टोलवाटोलवी केली आणि शेवटी कबूल केलं की शनिवारी अकरा वाजेपर्यंत ती आपल्या पायाने गेटबाहेर जाऊन परत आली, तर राहू दे. मी म्हटलं, लेखी द्या. दिलं.

गुरुवारी मेकॅनिक आणला. नवीन बॅटरी घातली, चावी फिरवली, काही नाही. म्हणाला, स्टार्टर गेला. स्टार्टर काढून जमिनीवर ठेवून तपासला तर तो मजेत फिरतोय. परत बसवला, पुन्हा ढिम्म. त्याला शेजारच्या सीटवर बसून खालच्या तारा बघायच्या होत्या. मी ओरडले. म्हटलं, त्या सतरंजीला हात लावायचा नाही, ती जागा माझ्या ताईची आहे, काय बघायचं ते खिडकीतून वाकून बघा. बिचारा वाकून वाकून थकला, आणि हात टेकून निघून गेला. शुक्रवारी दुसरा. त्यालाही मी तसंच खिडकीत लटकवलं. तोही गेला.

शनिवारी सकाळी मी पानाला बोलावलं. पाना म्हणजे भावोजींचा लिफ्ट कंपनीतला जोडीदार. खिशात कायम पाना असतो म्हणून हे नाव. तो भावोजींना उस्ताद म्हणायचा. त्याने चावी फिरवून बघितली, दोन तारांना तपासणीचा दिवा लावून बघितला आणि एकदम खूश झाला. म्हणाला, बिघाड नाहीच हा. उस्तादांनी लिफ्टसारखंच केलंय. कुठलं तरी दार नीट लागलं नाहीये, म्हणून गाडी हलत नाही. मग काय विचारता! आम्ही दोघांनी म्हशीची सगळी दारं उघडून आपटायला सुरुवात केली. पुढची, मागची, खिडक्या, सामानाचा कप्पा, पेट्रोलचं झाकण. धाड धाड धाड. अख्खी इमारत गॅलरीत. पावणेअकराला भंगारवाल्याचा ट्रक गेटशी येऊन उभा राहिला आणि सेक्रेटरी हातात घड्याळ धरून खाली आला. मला अक्षरशः रडू येत होतं, आणि मला रडू आलं की मी भांडते, म्हणून मी त्या दोघांशी भांडायला लागले.

तेवढ्यात ताई खाली आली. घरातल्याच चपला घालून. एवढा आवाज ऐकून आली होती. म्हणाली, पुरे आता, माणसांना नेऊ दे, मी फक्त सतरंजी घ्यायला आलेय. मी ड्रायव्हरच्या सीटवर चावी धरून बसलेली. ताईने दार उघडलं, सतरंजी उचलली, छातीशी धरली. आणि मग तिचा पाय काही निघेना.

"एकदा बसते," ती म्हणाली. "मग न्या."

ती बसली. मी तिच्याकडे बघूही शकत नव्हते. समोर तो भंगारवाला साखळी सोडवत होता. मला त्याचा असा राग आला की काही विचार न करता, केवळ रागाने, मी चावी फिरवली.

म्हैस हंबरली. धूर, धक्का, खडखडाट, सगळं अगदी पूर्वीसारखं. मी किंचाळले. ताई घाबरून बाहेर उडी मारून उभी. गॅलरीतून टाळ्या. पाना ओरडला की बंद करा, बंद करून परत लावा. बंद केली. चावी फिरवली. ढिम्म. पानाने ताईला हाताला धरून परत सीटवर बसवलं, मला खूण केली. चावी फिरवली, आणि म्हैस सुरू. ताई खाली, ढिम्म. ताई वर, सुरू. असं तीनदा केलं. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कॅन! अगं बाई, ते पाण्याचे कॅन! मी तिथेच ताईला सांगून टाकलं. तोल कसला डोंबलाचा, वजन हवं होतं त्या सीटवर. आणि मी, शहाणी, दोन दिवस दोन मेकॅनिकना त्याच सीटवर बसू देत नव्हते. पाना तर जमिनीवर फतकल मारून हसत होता.

मग तो सीटखाली झोपला. तिथे पत्र्याची एक छोटी पट्टी होती, माणूस बसला की खाली दबणारी, आणि तिच्याशेजारी आतल्या बाजूला एक चिठ्ठी डकवलेली. पिवळी पडलेली, पेन्सिलची. पानाने ती अलगद सोडवून ताईच्या हातात दिली. ताईला वाचायला चष्मा लागत नाही. तिने वाचली, पुन्हा वाचली, आणि माझ्याकडे दिली. भावोजींचं अक्षर, त्यांच्या त्या चार ओळी.

दोष: चालक बायकोला विसरतो.
उपाय: ती बसल्याशिवाय गाडी सुरू होणार नाही.
तारीख त्या रविवारची.
पुढची तपासणी: दर शनिवारी.

सेक्रेटरीने घड्याळ खिशात घातलं. मी रडत होते, या वेळी खरंच. ताईचे डोळे भरलेले, पण ती चिडलेली होती. बघता बघता चांगली चिडली.

"बावीस वर्षं," ती म्हणाली, "बावीस वर्षं मी तापलेल्या सीटवर बसले. एकदा सांगता येत नव्हतं या माणसाला?"

आणि मग हसायला लागली. आठ महिन्यांनी. हसताना ती खोकली, वाकली, सतरंजीत तोंड खुपसलं, पुन्हा हसली. मी तिच्या पाठीवर थापट्या मारत होते आणि स्वतःच हसत होते. वर गॅलरीतल्या लोकांना काय झालं ते कळलं नाही, तरी तेही हसायला लागले. शेवटी ताईने डोळे पुसले, पट्टा बांधला आणि मला विचारलं की आज वार कोणता. जसं काही तिला माहीतच नव्हतं. मी म्हटलं शनिवार. मग यादी वाच म्हणाली.

मी मागे जाऊन यादी वाचली. तंबू? आहे. खुंट्या? आहेत. स्टोव्ह? आहे. गाडीत यातलं काहीएक नव्हतं, सगळं वर माळ्यावर पडलेलं, पण ताई पुढून खणखणीत आवाजात आहे आहे म्हणत होती. पाण्याचे कॅन? म्हणाली, त्यांची गरज नाही, मी आहे.

सेक्रेटरीने गेटबाहेर जाऊन परत या म्हटलं होतं. आम्ही गेलो. परत आलो मंगळवारी. घरातल्या चपलांवरच ती तळ्याच्या काठाने चालली. वाटेत पेट्रोल भरायला मी थांबले, उतरले, हात धुवून आले, तर ताई जागची हललेली नव्हती. तुला उतरायचं नाही का, म्हणून विचारलं. ताई म्हणाली, "मी उतरले तर तू जाशील कशी?"